सावित्रीच्या खोऱ्यातील सुई : दवाखान्यातील संसर्ग आणि कचऱ्याचा इतिहास

एका रुग्णाचा रोग दवाखान्यातल्याच वस्तूंमधून दुसऱ्या रुग्णाकडे जाऊ नये, यासाठी वैद्यकशास्त्राने आजवर दोन मार्ग अवलंबले. पहिल्या मार्गात तीच सुई, तीच सिरींज, तीच कात्री निर्जंतुक करून पुन्हा वापरली जाई. दुसऱ्या मार्गात वस्तू एकदाच वापरून टाकून दिली जाते. पहिला मार्ग माणसाच्या शिस्तीवर उभा होता. शिस्त ढळली की रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागे. दुसऱ्या मार्गाने रुग्णाला मोठे संरक्षण दिले, पण वापरून टाकलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे हा नवा प्रश्न उभा केला. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातले दोन तालुके या दोन्ही मार्गांवरून गेले आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत आणि बाजारपेठ नदीकाठी आहे. त्यामुळे मोठ्या शहरात कागदावर सोपा वाटणारा नियम येथे पाळताना प्रत्येक वेळी भूगोलाशी झगडावे लागते.

दंडावरून दंडावर

मुंबई इलाख्यात सुईची ही कहाणी देवीच्या लसीपासून सुरू होते. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. ही हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लसटोचणी होती. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव घेऊन तो इतर मुलांना टोचला गेला आणि त्या मुलांच्या फोडातून पुढच्या मुलांना. लस टिकवण्याचे दुसरे साधन त्या काळी हाताशी नव्हते, म्हणून एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी साखळी चालवावी लागे. त्या द्रवाबरोबर उपदंश किंवा काविळीसारखा दुसरा रोगही जाऊ शकतो, ही गोष्ट पुढे युरोपातल्या अनुभवावरून स्पष्ट झाली. जंतूंचे शास्त्र अजून जन्मायचे होते, त्यामुळे टोचणीचे हत्यार एका मुलानंतर दुसऱ्यासाठी उकळावे असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शास्त्र आले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. पाश्चर आणि कॉख यांनी रोग आणि जंतू यांचे नाते सिद्ध केले. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शाम्बरलाँ यांनी दाबाखालच्या वाफेने निर्जंतुकीकरण करणारे यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, तयार केले. लसटोचणीतली माणसांची साखळी मोडून जनावरांच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत रुळली. मराठी मुलखाच्या सीमेवरच्या बेळगावात यासाठी व्हॅक्सिन डेपो उभा राहिला.

१८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ सुरू झाली आणि कोकण-देशावर पसरली. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील प्रयोगशाळेतून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावी त्यांपैकी एका बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. आधी ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढील चौकशीत असे दिसले की ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

मुलकोवालची घटना संसर्गनियंत्रणाच्या इतिहासात महत्त्वाची आहे, कारण दोष औषधात नव्हता. कारखान्यात शुद्ध असलेली वस्तू गावातल्या शेवटच्या हातात अशुद्ध होऊ शकते, हे त्या चिमट्याने दाखवून दिले. पुढच्या शंभर वर्षांत खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेवेपुढे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

उकळत्या पाण्याची वर्षे

स्वातंत्र्याच्या आधीच्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीने ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर ही केंद्रे देशभर उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, तर अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण पुढे ठरले. तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत डोंगराळ भागाचे प्रमाण किती अर्थपूर्ण आहे, हे आंबेनळी, वरंध आणि कशेडी या घाटांच्या कुशीतल्या वाड्या पाहिल्या की कळते.

त्या केंद्रांमधली सिरींज काचेची होती. सुई पोलादी, जाड आणि पुन्हा पुन्हा वापरायची. काचेची नळी आणि दट्ट्या वेगळे करून धुवायचे, सुईच्या छिद्रातून बारीक तार घालून अडकलेले रक्त काढायचे, बोथट झालेले टोक दगडावर घासून धारदार करायचे आणि मग सगळे स्टीलच्या पसरट डब्यात उकळायला ठेवायचे, अशी रोजची कामे असत. हे काम बहुधा कंपाउंडर किंवा परिचारिका करी. इंधन म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. रबरी हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरले जात. सलाईनच्या बाटल्या काचेच्या आणि नळ्या रबराच्या असत. नळी नीट स्वच्छ झाली नाही तर सलाईन लावताच रुग्णाला हुडहुडी भरे.

उकळण्याची पद्धत टाकाऊ नव्हती. पाणी खळखळ उकळू लागल्यापासून पूर्ण २० मिनिटे वस्तू बुडवून ठेवल्या तर बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात. काविळीचा ब प्रकारचा विषाणूही त्यातून वाचत नाही. मात्र धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू १०० अंश सेल्सियसच्या पाण्यातही तग धरतात. त्यांना मारण्यासाठी दाबाखालची वाफ लागते. ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला तापमान १२१ अंशांवर जाते आणि बीजाणूही नष्ट होतात. त्यापेक्षा मोठी अडचण वेळेची होती. दारात रुग्णांची रांग, सिरींजा मोजक्या आणि स्टोव्ह एक, अशा स्थितीत २० मिनिटांची दहा आणि दहाची दोन व्हायला वेळ लागत नसे. अनेक ठिकाणी सुई बदलली जाई, पण सिरींज तीच राही. रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश सिरींजमध्ये मागे उरतो, ही जाणीव सर्वत्र पोहोचलेली नव्हती.

याच काळात सार्वजनिक आरोग्याने एक मोठा विजयही मिळवला. देवीच्या निर्मूलन मोहिमेत दुहेरी टोकाची छोटी सुई आली. तिच्या दोन टोकांमध्ये लसीचा एक थेंब बरोबर मावे. ती स्वस्त होती आणि उकळून अनेकदा वापरता येत होती. मे १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा प्रेशर कुकरच्या धर्तीवरची वाफेची निर्जंतुक यंत्रे ग्रामीण कामात आली. प्रत्येक बाळाला वेगळी निर्जंतुक सुई आणि वेगळी सिरींज, हा दंडक घालून देण्यात आला.

या सगळ्या वर्षांत दवाखान्याबाहेर पडणारा कचरा थोडा होता. रक्ताळलेला कापूस, पट्ट्या, प्लास्टर, फुटलेल्या काचेच्या कुप्या आणि बाळंतपणानंतरची वार, एवढाच तो प्रामुख्याने असे. कापूस जाळला जाई, वार खड्ड्यात पुरली जाई. सुई टाकून देण्याची वस्तूच नव्हती. तिची मोजदाद कपाटातल्या नोंदवहीत होत असे.

बिरवाडीचा धडा

सुरक्षित इंजेक्शनाच्या इतिहासात न द्यावे लागलेल्या इंजेक्शनांची नोंद क्वचितच होते. महाड तालुक्याकडे मात्र अशी एक महत्त्वाची नोंद आहे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने त्या वेळी कोकणात धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, आधी चढणारा रक्तदाब आणि मग फुफ्फुसांत पाणी होऊन तोंडाला येणारा फेस, असा क्रम ते रुग्णाच्या खाटेशी बसून टिपत गेले. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला.

हृदयावरचा भार कमी करण्यासाठी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून थेंब थेंब देण्याचा उपचार त्यांनी केला. त्याने जीव वाचत होते, पण त्यासाठी शिरेत सतत सुई, क्षणोक्षणी रक्तदाबावर नजर आणि डॉक्टरची अखंड हजेरी लागे. खेड्यातल्या केंद्राला हे पेलणे कठीण होते. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी तोंडाने घेण्याची गोळी वापरली आणि १९८६ मध्ये त्याविषयीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या संशोधनात त्यांच्या सहकारी राहिल्या. गंभीर विंचूदंशात ४० टक्क्यांच्या आसपास असणारे मृत्यूचे प्रमाण या उपचाराने १ टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

या कामाचे मोल विंचूदंशापुरते मर्यादित नाही. गोळीला सुई लागत नाही, नळी लागत नाही, उकळते पाणी लागत नाही आणि मागे धारदार कचरा उरत नाही. पहिली मात्रा अगदी आडवळणाच्या उपकेंद्रावरही देता येते. संसर्ग आणि कचरा या दोन्ही प्रश्नांचा उगम अनावश्यक सुईत आहे. तिथेच तो रोखता येतो, हे बिरवाडीच्या अनुभवाने दाखवले.

भीतीने घडवलेला बदल

प्लास्टिकची एकदाच वापरायची सिरींज १९५० च्या दशकात जन्मली. न्यूझीलंडचे औषधनिर्माते कॉलिन मर्डॉक यांनी १९५६ मध्ये अशी सिरींज तयार केली आणि १९६० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत ती रुळली. भारतातल्या छोट्या दवाखान्यांपर्यंत ती पोहोचायला आणखी दोन-तीन दशके लागली. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे देशातले पहिले संसर्ग उघड झाले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एड्सच्या भीतीने जे काम केले ते उपदेशाने झाले नव्हते. रुग्ण स्वतः विचारू लागला, ‘सुई नवीन आहे ना?’ वेष्टन त्याच्यासमोर फोडणे हा दवाखान्याच्या विश्वासार्हतेचा भाग बनला. महाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव असल्याने औषधदुकानांत नवी सिरींज सहज मिळू लागली. काचेच्या सिरींजा हळूहळू कपाटात गेल्या.

सुई बदलली, सुईची हौस मात्र तशीच राहिली. ‘एक सुई टोचा म्हणजे लवकर बरं वाटेल’ हा आग्रह आणि अशक्तपणासाठी सलाईन लावून घेण्याची सवय महाराष्ट्रभर होती आणि आहे. साध्या सर्दी-तापाला, अंगदुखीला इंजेक्शन देणे शास्त्राला धरून नाही, तरी ते मागितले जाते आणि दिले जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात इंडियाक्लेन या संशोधन-जाळ्याने देशभर केलेल्या पाहणीत वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली ६३ टक्क्यांच्या आसपास असुरक्षित असतात, असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० या एका वर्षात असुरक्षित इंजेक्शनांमुळे जगभर २ कोटी १० लाख लोकांना ब प्रकारच्या काविळीचा संसर्ग झाला.

एकदाच वापरायची म्हणून बनवलेली वस्तू पुन्हा वापरता येत होती, हे या असुरक्षिततेचे एक मोठे कारण होते. शेजारच्या गुजरातमध्ये, तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात असलेल्या मोडासा येथे २००९ च्या सुरुवातीला ब प्रकारच्या काविळीची साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. तपासात वापरलेल्या सिरींजा पुन्हा वापरल्याचे आणि वैद्यकीय कचऱ्यातला माल पुन्हा विक्रीला येत असल्याचे पुढे आले. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यामुळे कचऱ्यातून उचललेली, धुतलेली आणि पुन्हा वेष्टनात भरलेली सिरींज दिसायला नवी असली तरी रोग घेऊनच येते.

यावर तांत्रिक उत्तर निघाले ते आपोआप निकामी होणाऱ्या सिरींजचे. तिचा दट्ट्या एकदा खाली दाबला की आतली खाच अडकते आणि तो पुन्हा मागे ओढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९९ मध्ये लसीकरणासाठी अशाच सिरींजा वापरण्याचे संयुक्त आवाहन केले. २००५ च्या सुमारास भारताच्या सार्वत्रिक लसीकरणातही त्या आल्या. मुलकोवालच्या चिमट्यापासून चालत आलेला शेवटच्या हाताचा प्रश्न बाळांच्या लसीपुरता तरी वस्तूच्या रचनेतच सोडवला गेला.

कचऱ्याचा कायदा

काचेच्या सिरींजच्या जागी प्लास्टिक आले तसा दवाखान्याचा कचराही बदलला. सुया, सिरींजा, सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या, नळ्या, हातमोजे, लघवीच्या पिशव्या रोज टाकून दिल्या जाऊ लागल्या. बहुतेक छोट्या दवाखान्यांत त्या गावच्या कचऱ्यात जात किंवा मागच्या परसात जाळल्या जात. उघड्यावर जळणाऱ्या क्लोरीनयुक्त प्लास्टिकमधून डायऑक्झिन आणि फ्युरान ही विषारी द्रव्ये बाहेर पडतात. सुया तर जळतच नाहीत, त्या राखेत तशाच उरतात. जी वस्तू रुग्णासाठी सुरक्षित ठरली, तीच आता आया, वॉर्डबॉय, नगरपालिकेचा सफाई कामगार आणि भंगार वेचणारी बाई यांच्यासाठी धोक्याची ठरली. संसर्गित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला ब प्रकारची कावीळ होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत असते. क प्रकारच्या काविळीची शक्यता शंभरात दोनच्या आसपास आणि एचआयव्हीची हजारात तीन असते.

याला आळा घालणारा कायदा न्यायालयाच्या रेट्याने आला. दिल्लीतल्या अस्वच्छतेविषयी डॉ. बी. एल. वढेरा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च १९९६ रोजी निकाल दिला आणि पन्नास किंवा त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळण्याची भट्टी किंवा तितकीच प्रभावी पर्यायी सोय करण्याचे आदेश दिले. भोपाळच्या वायुकांडानंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे देशातले पहिले नियम जाहीर झाले. कचरा निर्माण होतो तिथेच तो वेगळा करावा आणि ४८ तासांपेक्षा अधिक काळ प्रक्रियेविना ठेवू नये, ही त्यांची मुख्य तत्त्वे होती. मोठ्या शहरांना आधीच्या मुदती मिळाल्या, तर छोट्या गावांसाठी ३१ डिसेंबर २००२ ही मुदत होती. महाराष्ट्रात अंमलबजावणीची जबाबदारी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आली.

या नियमांत एक मोठी पळवाट राहिली होती. महिन्याला एक हजारापेक्षा कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्याला मंडळाची परवानगी घेण्याची गरज नव्हती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांकडे पाहून केलेली ही सवलत तालुक्याच्या गावांत मात्र मोठ्या संख्येने दवाखान्यांना लागू पडत होती. एका छोट्या दवाखान्याचा कचरा मूठभर असतो, पण अनेक दवाखान्यांचा मिळून तो गावच्या उकिरड्यावर एकत्र येतो.

२८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी ही सवलत काढून टाकली. लसीकरण शिबिरे, रक्तदान शिबिरे आणि शाळांमधील प्रथमोपचार खोल्याही नियमांच्या कक्षेत आल्या. कचऱ्याचे चार रंग ठरले. शरीराचे अवयव, रक्ताळलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत जातात आणि ती भट्टीत जाळली जातात. नळ्या, सलाईनच्या बाटल्या, सुई काढलेल्या सिरींजा आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून त्यांचे प्लास्टिक पुन्हा वापरात आणले जाते. सुया आणि पाती पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाकतात. काचेच्या कुप्या आणि शरीरात बसवलेले धातूचे भाग निळ्या खुणेच्या डब्यात ठेवतात. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करणे, पिशव्यांना बारकोड लावणे, भट्टीच्या दुसऱ्या कक्षात वायू किमान दोन सेकंद उच्च तापमानात ठेवणे, अशाही अटी आल्या. सर्वांत महत्त्वाची तरतूद माणसांसाठी होती. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ब प्रकारची कावीळ आणि धनुर्वात यांविरुद्ध लस देणे दवाखान्याला बंधनकारक झाले.

डोंगर, खड्डा आणि पूर

या नियमांची रचना सामाईक प्रक्रिया केंद्राभोवती उभी आहे. ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतः कचरा जाळू किंवा पुरू नये, तो तिथेच पाठवावा. असे केंद्र पनवेलच्या बाजूला असेल तर महाड तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर पडते आणि पोलादपूर त्याही पुढे. पावसाळ्यात दरड कोसळली की घाटातला किंवा महामार्गावरचा रस्ता बंद पडतो, आणि ४८ तासांची मुदत रस्ता उघडण्याची वाट पाहत नाही.

दुर्गम भागासाठी नियमांनी खोल खड्ड्याची परवानगी दिली आहे. खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा, तो निम्मा भरला की वरून चुना टाकून पृष्ठभागापासून अर्ध्या मीटरपर्यंत आणावा आणि उरलेला भाग मातीने बुजवावा. प्रत्येक वेळी कचरा टाकल्यावर १० सेंटीमीटर मातीचा थर द्यावा. जवळपास उथळ विहिरी नसाव्यात, भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली असावे आणि जागा पुराची किंवा धूप होणारी नसावी. सावित्रीच्या खोऱ्यात या शेवटच्या अटी पूर्ण करणारी जागा शोधणे हेच मोठे काम आहे. उतारावर माती पातळ आणि खाली काळा कातळ, तर सपाटीवर पूररेषा, अशी येथील जमीन आहे.

वाड्यांवरच्या लसीकरणाची पद्धत या भूगोलाशी जुळवून घेतलेली आहे. आरोग्यसेविका प्रत्येक टोचणीनंतर छोट्या हब कटरने सिरींजचे टोक सुईसकट कापते. कापलेल्या सुया त्या यंत्राच्याच बंद डब्यात पडतात आणि निकामी सिरींज लाल पिशवीत जाते. हे सारे ती त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात परत आणते. डोंगरावरच्या वाडीतून वापरलेली प्रत्येक सुई खाली उतरवणारी ही व्यवस्था साधी आहे आणि तिच्यात वाडीवर काहीही मागे राहत नाही.

२०२० मध्ये कोविड आला आणि सारी गणिते बदलली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० मध्येच कोविड कचऱ्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यांत दुहेरी पिशवी, वेगळा डबा, स्पष्ट खूण आणि रोजच्या रोज उचल या गोष्टी सांगितल्या होत्या. मुखपट्ट्या, हातमोजे, अंगभर झगे आणि चाचणीच्या काड्या यांचे ढीग वाढले. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या भरात, देशात केवळ कोविडचा कचरा दररोज सरासरी २०० टनांच्या घरात गेला. या काळात महाराष्ट्र सर्वाधिक कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांपैकी होता.

ती लाट पूर्ण ओसरण्याआधीच महाडवर पूर आला. २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यानच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातले बरेच पाणी सावित्रीच्या वाटेने खाली आले. महाडची बाजारपेठ, तिथली दुकाने आणि दवाखाने पाण्याखाली गेले. तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. त्याच्या सोळा वर्षे आधी, जुलै २००५ मध्ये, दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी असाच आघात सोसला होता.

पुरानंतरच्या चिखलात दवाखान्याचा माल आणि घरचा माल वेगळा ओळखता येत नाही. तळमजल्यावर ठेवलेला कचऱ्याचा डबा पाण्याबरोबर वाहून गेला की त्यातल्या सुया घराघरांत, गटारांत आणि शेतांत जातात. चिखल उपसणारे हात उघडे असतात. पायाची साधी जखमही या काळात धोक्याची ठरते, कारण उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू याच वाटेने शरीरात शिरतात. म्हणून पूरग्रस्त भागात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, क्लोरीनयुक्त पाणी आणि गमबूट ही मदतकार्याची पहिली सामग्री असते.

पुराच्या त्याच वर्षी देशाने आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी लसमोहीम चालवली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी कोविड लसीच्या १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी. जवळजवळ तितक्याच सुया वापरल्या गेल्या, आणि प्रत्येक सुई एका माणसासाठीच. एकाच चिमट्याच्या दोषाने १९ माणसे गमावणाऱ्या काळापासून आरोग्यसेवा किती दूर आली आहे, हे या आकड्यावरून समजते. त्याच आकड्यात दुसरी जबाबदारीही आहे. त्या प्रत्येक सुईला कुठेतरी सुरक्षित शेवट मिळणे आवश्यक होते.

निष्कर्ष

दोनशे वर्षांच्या या वाटचालीत प्रत्येक सुधारणेने धोका कमी केला आणि उरलेला धोका दुसऱ्या माणसाकडे सरकवला. काचेच्या सिरींजच्या काळात तो पुढच्या रुग्णाकडे होता. प्लास्टिकच्या काळात तो झाडू मारणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या आणि भंगार वेचणाऱ्या माणसाकडे गेला. रुग्णाच्या दंडातून सुई बाहेर आली म्हणजे इंजेक्शन संपले, ही समजूत त्यामुळे अपुरी आहे. ती सुई कापली जाऊन, बंद डब्यातून निघून, निर्जंतुक होऊन नष्ट झाली म्हणजे ते इंजेक्शन संपले.

महाड-पोलादपूरसारख्या भागाला यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा चार साध्या गोष्टींची गरज आहे. कचऱ्याची खोली पूररेषेच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर असावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रस्ता बंद पडल्यास कचरा कुठे आणि कसा ठेवायचा, याची आखणी मे महिन्यातच व्हावी. कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येक कामगाराला काविळीच्या लसीच्या तिन्ही मात्रा मिळाव्यात, मग तो कायम असो वा रोजंदारीवर. आणि जिथे गोळीने भागते तिथे सुई वापरू नये. यातली शेवटची गोष्ट डॉक्टरइतकीच रुग्णाच्याही हातात आहे. दवाखान्यात गेल्यावर सुई मागण्याआधी ‘गोळीने भागेल का?’ असे प्रत्येकाने विचारावे. बिरवाडीत एका गोळीने किती जीव वाचवले, हे या खोऱ्यातल्या लोकांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही.